सातखाट्या डोहाच्या लेकी

चैत्र अर्धा सरला की आमच्या चंद्रपुरात ऊन पडत नाही, मुक्कामाला येतं. पंख्याचा वारा असा की त्यावर पापड धरावा; मी धरला आहे, दोन्ही बाजूंनी नीट भाजून निघाला. आमच्या शेजारीण बाई दुपारी अंगणातल्या टाकीत तुरीची डाळ सोडून झोपतात आणि उठल्यावर नुसती फोडणी देतात. हसू आलं? येऊ द्या. माझं बोलणं ऐकून लोकांनी हसावं ही माझी आयुष्यभराची कमाई आहे. फक्त एकदा ते हसले तेव्हा फार महागात पडलं. मला नाही. एका नदीला.

परवा बसस्टँडवर गडचिरोलीच्या गाडीतून एक बाई उतरली. डोक्यावर टोपली, टोपलीत मोहाची फुलं, नुकती वाळायला लागलेली. तो गोड, आंबूस, जुन्या गुळासारखा वास नाकात शिरला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. मागून एक ऑटोवाला ओरडला, "ओ काकाजी, झाड होऊन राह्यले का?" झालोच होतो. मोहाच्या वासामागून मला नेहमी दुसरा एक वास येतो, ओल्या पोत्याचा आणि जिवंत माशाचा. मेलेल्या माशाचा वास जगाला ठाऊक आहे. जिवंत माशाला मात्र कोवळ्या काकडीसारखा वास असतो, आणि तो वास फार थोड्यांच्या हाताला लागलेला असतो. माझ्या हाताला तो एक अख्खा उन्हाळा होता.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा निघाला होता. नव्याने वेगळी चूल मांडलेल्या भावासारखी त्याची तारांबळ चाललेली. त्या वेळी वैनगंगेवर माशांचं एक संशोधन सुरू झालं. एक कॉलेज, एक सरकारी खातं आणि नदीकाठच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, सोसायटी, असं तिघांनी मिळून करायचं काम. कागदावर तिघेही बरोबरीचे. कॉलेजकडे शास्त्र, खात्याकडे जीप, आणि ढिवरांकडे नदी. मी भद्रावतीचा, विज्ञानात काठावर पास आणि बडबडीत पहिल्या वर्गात, म्हणून या तिघांमध्ये बोलणारा माणूस म्हणून मला नेमलं. बाबा म्हणाले, "तुले शिकवलं ते बाता माराले नाई." पण पगार बाता मारायचाच होता, त्याला मी काय करू?

गाव नदीच्या वळणावर होतं. वळणात डोह. त्याचं नाव सातखाट्या. फार पूर्वी गावाने डोहाची खोली मोजायला काढली. एका खाटेची दोरी उसवून दगड बांधून सोडली, पुरली नाही. दुसरीची जोडली, तिसरीची जोडली. सात खाटा उसवल्या तरी दगड टेकेना. गाव जमिनीवर झोपलं आणि पुन्हा कुणी डोहाच्या वाटेला गेलं नाही. ही गोष्ट गावाची आहे, म्हणून जरा आखडती आहे. माझ्या अंदाजाने बारा खाटा तर सहज लागल्या असत्या, आणि तेराव्या खाटेवर खालून कुणीतरी झोपलं असतं.

त्या डोहात एवढा जुना शिंगाडा मासा होता की त्याच्या मिश्यांना शेवाळ आलं होतं. मी पाहिला नाही. पण मी लिहिलं मात्र. महिन्याच्या अहवालात "इतर निरीक्षणे" असा रकाना असायचा आणि तो रिकामा पाहून माझा जीव कासावीस व्हायचा. कधी मी लिहिलं, वाम सापडली, लांबी मोजत असताना टेप संपला. कधी लिहिलं, काठावरचे डास सायकलची हवा सोडतात. कचेरीतले लोक माझा अहवाल चहाबरोबर मोठ्याने वाचायचे. साहेब म्हणायचे, "रामटेके, तुमच्यामुळे महिना सुसह्य होतो." मी फुशारून जायचो. तेव्हा कळलं नाही की तिथे मी दर महिन्याला माझा थोडा थोडा शब्द विकून खातो आहे.

सोसायटीचा अध्यक्ष डोमाभाऊ. साठीचा, काळाभोर, वाळल्या वामीसारखा नुसता कणा आणि कातडं. माझ्या कुठल्याही गोष्टीला तो हसला नाही. ऐकून फक्त "हं" म्हणायचा आणि त्या एका अक्षरात मला माझी उंची कळायची. त्याची बायको सायत्राबाई आठवडी बाजारात मासळी विकायची. तिची जीभ तिच्या विळीहून धारदार. आणि कॉलेजच्या वतीने आल्या होत्या नीलाबाई, पुण्याच्या, चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवणाऱ्या. वाळूत अनवाणी चालायच्या आणि तळव्यांना फोड आले तरी चेहरा तसाच ठेवायच्या.

गावाचा एक रिवाज होता. होळी पेटली की डोहाला जाळं बंद. आषाढात आखाडी झाल्यावर उघडायचं. मधले महिने नदी आटत जाते, खालच्या उथळ पाण्यातले मोठे मासे डोहात येऊन बसतात, पाऊस लागला की अंडी घालायला निघतात. "डोह बाळंतीण हाय," एवढंच कारण गाव सांगायचं. त्या दिवसांत ढीवर वाळूत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लावायचे, आंबील प्यायचे, मोह वेचायचे, आणि डोळ्यांसमोर पाण्यात मासा पलटी मारत असताना जवसाच्या चटणीशी भात खायचे. मी खूप उपास पाहिले आहेत. समोर भरलेलं ताट ठेवून केलेला तो एकच.

अडचण अशी होती की नव्या जिल्ह्यात डोहांचे लिलाव करायचं घाटत होतं. एक ठेकेदार जीप घेऊन डोह पाहूनही गेला होता. ठेकेदाराला होळी-आखाडीचं काय? नीलाबाई म्हणाल्या, गावाचा रिवाज कचेरीत चालणार नाही, पुरावा चालेल. डोहातले मासे पकडून त्यांना नंबराची पिवळी पट्टी शिवायची आणि सोडून द्यायचं. पावसात ते जिकडे जायचे तिकडे जातील. खाली वर्धा मिळून वैनगंगेची प्राणहिता होते, तिथून सिरोंच्यापर्यंत कुठल्याही ढिवराच्या जाळ्यात पट्टीचा मासा आला की पट्टी आमच्याकडे यावी, कुठे सापडला ते कळावं. खालच्या शंभर गावांच्या जाळ्यातला मासा याच डोहातून निघतो हे एकदा कागदावर आलं की डोह त्या महिन्यांत कायमचा बंद म्हणून लिहून घेता येईल. ठेकेदाराला हात लावता येणार नाही.

"हे तं आमाले मालूमच हाय," डोमाभाऊ म्हणाला. "आमाले इचारा ना. माशाले काऊन तरास देऊन राह्यले?"

"तुम्ही सांगता ते खरंच आहे, डोमाजी," नीलाबाई म्हणाल्या. "पण ते माझ्या सांगण्याने कुणी मानणार नाही आणि तुमच्याही नाही. पट्टी आणून टेबलावर ठेवली तर मानतील."

"म्हणजे आमच्या तोंडापरस पट्टी मोठी."

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलता येत नव्हतं त्यांना. मी शेजारीच उभा होतो. थोडं उसनं घेतलं असतं तर दिलं असतं.

पट्ट्या लावायच्या तर मासे डोहातच सापडणार आणि चैत्रातच. म्हणजे होळीनंतर जाळं टाकावं लागणार. डोमाभाऊ दोन दिवस तयार होईना. मी त्याच्यामागे फिरलो, समजावलं, शपथा घेतल्या. माझ्या शपथांना भाव नव्हता तरी घेतल्या. तिसऱ्या दिवशी तो डोंग्यात चढला, पाण्यात हात बुडवून बराच वेळ बसला, आणि म्हणाला, "आमच्या आज्यानं बी होळीनंतर इथी जाळं नाई टाकलं. एकडाव टाकतो. लेकरावानी वर काढा न लेकरावानी सोडा."

तो उन्हाळा. आजही डोळे मिटले की तो तसाच्या तसा येतो. पहाटे वाळू थंड असायची आणि तिच्यावर टिटव्यांच्या पायांचे बारीक टाके. दहा वाजले की वाळूवर पाय ठेवून बघा. मी एकदा चप्पल विसरलो तर गावापर्यंत हवेतूनच गेलो. काठावर ओली पोती अंथरलेली. नीलाबाईंचा एक नियम होता. मासा पाण्याबाहेर आला की धरणाऱ्याने आपला श्वास रोखायचा. लांबी मोजा, वजन करा, पाठीच्या पराखाली सुईने पट्टी शिवा. तुमचा दम संपला की माशाचाही संपला. काम राहिलं असलं तरी पाण्यात सोडा. असा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. सगळा काठ श्वास रोखून उभा, आणि मासा पाण्यात गेल्यावर सगळ्यांचा एकदम "हाऽऽ". पलीकडच्या काठावरचे गुराखी म्हणायचे, तुमच्याकडे काय मोट चालते का?

सायत्राबाईला माझं फार कौतुक. "रामटेकेभाऊ, तुमचं तोंड बंद राह्यते हे मी आज पयल्यांदा पाहून राह्यली. रोज दोन-तीनशे मासे धरा जी, गावाले आराम."

पहिली पट्टी शिवली तेव्हा तीच म्हणाली होती, "व माय! पोरीचे कान टोचले. बाळी शोभते." तेव्हापासून पट्टीचं नाव बाळीच पडलं. कतला, रोहू, आणि ते मोठ्या खवल्यांचे सोनेरी महाशीर, सगळ्यांना बाळ्या. एकेका माशाचा तो थंड, घट्ट, थरथरता देह हातात यायचा. तो सोडताना बोटांमधून जो धक्का द्यायचा, तसा निरोप मला पुढे कुणी दिला नाही.

पाऊस लागायच्या आत खालच्या गावांना सांगून यायचं होतं. कचेरीने एक छापील पत्रक दिलं: "चिन्हांकित मत्स्य आढळल्यास तदनुषंगिक माहिती..." मलाच ते तिसऱ्या वाचनात समजलं. पहिल्या गावात लोकांनी ते ऐकलं, जांभया दिल्या, आणि पत्रकाचा कागद बिडी गुंडाळण्याजोगा नाही म्हणून हळहळले. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावाच्या पारावर माझ्यातला जुना राक्षस जागा झाला. मी पत्रक खिशात घातलं आणि म्हणालो, "ऐका."

सातखाट्या डोहात एक म्हातारी मासळी आहे, मी सांगितलं. नदीच्या आधीची. तिला अमाप लेकी. लेक वयात आली की ती तिच्या कानात पिवळी बाळी घालते आणि पुराच्या पाण्यावर खाली सासरी पाठवते. सिरोंच्यापर्यंत तिच्या लेकी दिल्या आहेत. मग वर्षभर म्हातारी तळाशी बसून वाट बघते, माझी लेक कशी आहे? कुणी सांगेल का? तर बाप्पा हो, बाळीवाली लेक दिसली तर तिची विचारपूस करा, आणि आम्हाला खबर द्या, म्हणजे आम्ही तिच्या आईला सांगू.

पार गच्च भरला. बायका डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "अन ते लेक जाळ्यात आली तं?"

"तर तिला त्रास नका देऊ," मी म्हणालो. नंतर हेही म्हणालो की बाळी काढून ठेवा आणि आम्हाला द्या. म्हणालो होतो. मला पक्कं आठवतं. पण ते शेवटी म्हणालो, लोक उठत असताना, टाळ्यांनंतर. गोष्ट चढली की माणूस शेवटचं वाक्य ऐकत नाही आणि सांगणाराही ते मनापासून सांगत नाही. पुढे पंधरा-वीस गावं मी तीच गोष्ट सांगत गेलो. प्रत्येक गावात ती थोडी लांब झाली आणि शेवटचं वाक्य थोडं आखूड.

एक गोष्ट मला त्या मुलखात राहूनही सुचली नाही. सासरी नाहीतर माहेरी चाललेल्या लेकीला तिकडे कुणी वाटेत अडवत नाही. परक्या गावची असली तरी दारावरून जाताना तिला बसवतात, पाणी देतात, कपाळाला हळदीचं बोट लावतात, आणि जा बाई म्हणतात. तिच्या अंगावरचा दागिना उतरवून ठेवायचा? असं कुणी ऐकलं तरी थुंकेल.

पाऊस आला, नदी भरली, मासे गेले. श्रावणापासून मी सायकलवर खालची गावं हिंडू लागलो. एवढी सायकल मारली की चेन झिजून दोरा झाली. प्रत्येक गावी एकच प्रश्न: "बाळीवाला मासा सापडला का?" लोक एकमेकांकडे पाहायचे, हसायचे, म्हणायचे, "नाई जी." कुणी मला भात वाढायचं, कुणी मुद्दाम जवळ येऊन सांगायचं, "तिच्या मायले सांगजा, फिकर नोको करू." मी म्हणायचो, हो, सांगतो. जन्मभर थापा मारणारा मी. समोरच्याची थाप मला ओळखू येऊ नये? ते "नाई" किती गोड होतं. बघायला पाहिजे होतं मी ते हसू. मी मात्र वहीत शून्य लिहून पुढच्या गावाला निघायचो.

परवाच इथे एक तरुण संशोधक भेटला. म्हणाला, आता माशाच्या पोटात लहानसं यंत्र बसवतात, मासा कुठे आहे ते यंत्रच सांगतं, कुणाला विचारावं लागत नाही. मी म्हटलं, छान आहे. घरी येताना मात्र वाटलं, कुणाला विचारावं लागत नाही यात छान काय आहे ते मला नीट सांगता येणार नाही, आणि वाईट काय आहे तेही.

दिवाळीनंतर कचेरीत बैठक झाली. डोमाभाऊ माझ्यासोबत एसटीने आला होता, धुतलेलं धोतर नेसून. तिघांचं मिळून काम होतं, पण आत खुर्च्या दोघांपुरत्याच होत्या. त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. नीलाबाईंनी वही उघडली. पट्टी लावलेल्या माशांची पानंच्या पानं, आणि पुढचा रकाना, "पुन्हा सापडले," वरपासून खालपर्यंत कोरा. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "एकही नाही?" बाई म्हणाल्या, "एकही नाही. अजून एक वर्ष द्या." साहेब म्हणाले, एवढ्या गावांतून एकही मासा मिळत नाही, याचा अर्थ डोहाचा खालच्या नदीशी संबंध नाही, असाच कागदावर होतो. डोह लिलावात गेला. मला इतर निरीक्षणे कुणी विचारली नाहीत.

बाहेर आलो. डोमाभाऊला काय झालं ते सांगितलं. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. त्याने चहा बशीत ओतला.

"सापडला नाई म्हणजे?" तो म्हणाला. "मलेच भेटली ना एक."

मी म्हटलं, "काय?"

"भादव्यात सोयऱ्याकडं गेलो होतो, खाली, दोन दिवसाच्या वाटेवर. त्याच्या जाळ्यात आली. आपलीच, बाळीवाली. सोयरा म्हणे, डोमाभाऊ, तुमच्या गावची लेक हाय, तुमीच सोडा. वहिनीनं हळद लावली. मंग सोडली." त्याच्या त्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं होतं. "मोठी झाली होती जी. अंगानं भरली होती."

"डोमाभाऊ, मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगाव काय?" तो खरोखरच चकित झाला. "तुमी इचारलं सापडला का. सापडली कुठी? भेटली."

चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी सायकल काढली आणि पुन्हा सगळी गावं पालथी घातली. आता नीट विचारलं, हात जोडून विचारलं. आणि काय सांगू, गावोगावी दारं उघडल्यासारखी माणसं बोलू लागली. हो जी, आली होती, दोघी आल्या होत्या. आमच्याकडं आली तवा पोटुशी वाटली, पोळ्याच्या आधी. एका गावात तर बाळीवालीला जाळ्यातून सोडवताना जाळं फाटलं ते म्हातारीने मला अभिमानाने दाखवलं. तिने ते मुद्दाम शिवलं नव्हतं. सिरोंच्याकडे, जिथे बोलता बोलता मराठीची तेलुगू होते, तिथेही माझी गोष्ट माझ्या आधी पोहोचली होती. बाळ्या मात्र सगळ्या माशांच्या अंगावर होत्या आणि मासे सगळे नदीत होते.

मी सगळं लिहून काढलं. गाव, महिना, कोणाच्या हातात, साक्षीला कोण. एक अक्षर वाढवलं नाही. कागदांची चळत घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी दोन पानं वाचली आणि हसायला लागले. मग शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं. "हळद लावून सोडली! ऐका, ऐका." सगळे हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एक जण म्हणाला, "रामटेके, यावेळी मात्र तुम्ही शेवाळाच्या मिश्यांना मागे टाकलं." मी म्हणालो, साहेब, हे खरं आहे. ते आणखी हसले. साहेबांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा प्रेमळ हात कुणाच्या खांद्यावर न पडो.

नीलाबाईंना पुण्याला पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं: "तुमच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाचा रकाना वहीत नाही. एक तरी पट्टी हवी होती." रागाचं एक वाक्य नव्हतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा चैत्र आला. मोह गळायला लागला, नदी वाळूत शिरली, आणि मासे डोहात परत येऊ लागले. ठेकेदाराची माणसं भर दुपारी आली. मी गावापासून कोसभर अलीकडे मोहाखाली सायकल टेकवून पाणी पीत होतो. धान्याचं भरलेलं पोतं कुणी उंचावरून टाकावं तसा आवाज झाला. मग आणखी एक. झाडावरची राहिलेली फुलं एकदम खाली आली. विहिरी खोदताना सुरुंगाला वापरतात ते तोटे त्यांनी पाण्यात टाकले होते.

मी पोहोचलो तेव्हा डोह पांढरा होता. आयुष्यभर मी राईचा पर्वत केला, पण इथे मला वाढवून सांगता येत नाही. मी कमी करूनच सांगतो आहे. पोटं वर करून ते सगळं पडलं होतं, मोठे आणि बोटाएवढे, आणि मोठ्यांच्या पोटात अंड्यांच्या पिवळ्या माळा. ठेकेदाराच्या माणसांनी उचलण्याजोगे होते ते टोपल्यांनी ट्रकमध्ये भरले. जे वाहत कपारीला गेले ते सोडून ते निघून गेले. गाव काठावर उभं होतं. कुणी रडत नव्हतं. सगळ्यांनी श्वास रोखला आहे असं वाटत होतं.

मग पोरं कपारीतले मासे ओढून वाळूवर आणू लागली, आणि बाळ्या दिसू लागल्या. एक, मग आणखी एक. शेवाळाने हिरवट झालेल्या, पण नंबर शाबूत. गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या. खालच्या एकाही गावाने त्यांना अडवलं नव्हतं.

मी डोमाभाऊपुढे जाऊन बसलो. म्हटलं, "डोमाभाऊ, ती गोष्ट मी बनवली होती. म्हातारी मासळी, लेकी, सगळं खोटं. माझ्यामुळे झालं हे."

"मले मालूम होतं ना," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पयल्यापासून. मी बुढा माणूस हाय, लेकरू हाय का? सगळ्यायलेच मालूम होतं." तो हातातल्या माशावरची वाळू पुसत होता. "बाळी काढून द्यायची हे बी समजलं होतं थोडंथोडं. पण काय हाय, जाळ्यातला मासा सोडाव असं कवा कवा मनात येते ढिवराच्या. सोडता येत नाई. पोट हाय, लोकं हासतेत. तुमच्या गोष्टीनं सोडता आलं. सगळी नदी सोडत होती, भाऊ. असं मी कवा पाह्यलं नाई." मग तो म्हणाला, "तुमाले कायचा दोष? आमालेच ते गोड लागलं."

त्याने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

बाळीवाले मासे गावाने खाल्ले नाहीत. डांगरं संपत आली होती, तांदूळ बेताचा होता, समोर ताजी मासळी होती, आणि कुणी विळी काढली नाही. बाजारात न्यायचं नावही कुणी घेतलं नाही. पुरुषांनी काठापासून वर, पुराचं पाणी पोहोचणार नाही अशा जागी वाळू उकरली. मीही हातांनी उकरत होतो. वर तापलेली, खाली थंड, ओली वाळू.

पहिला मासा खड्ड्यात ठेवणार तेवढ्यात सायत्राबाई पुढे आली. "थांबा जी. अंगावरचं काढा अगुदर. लेकीले दागिन्यासकट माती देत नाईत." ती खाली बसली, मासा मांडीवर घेतला आणि पट्टीचा दोरा दातांनी तोडला. पट्टी पदराला पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही. माझा हात धरला, उघडला, आणि तळव्यावर ठेवली.

मग दुसरी. मग तिसरी. बायका एकेक मासा आणत होत्या, ती दातांनी दोरा तोडत होती, आणि माझी ओंजळ भरत होती. वर्षभर ज्यांच्यासाठी मी वणवण फिरलो त्या सगळ्या, नंबरासकट, एका दुपारी माझ्या हातात येत होत्या.

डोमाभाऊ खड्ड्यात उभा राहून मासे हातात घेऊन खाली ठेवत होता, डोकं एका दिशेने, शेजारी शेजारी. मध्येच तो थांबला. कमरेवर हात ठेवून त्याने माझ्या ओंजळीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि ते काय आहे हे कळल्यावर मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती आशा होती.

"आता तं पट्ट्या हायेत," तो म्हणाला. "बाईले पाठवा. टेबलावर ठेवतीन. आता तरी लिहितीन ना जी, होळीपासून आखाडीपर्यंत डोह बंद म्हणून?"

पट्ट्या सोडल्या त्याच डोहात सापडल्या होत्या; वहीत त्यांचा अर्थ एकच होणार, मासे कुठे गेलेच नाहीत. पाण्यावरून काही हलत नव्हतं. एक टिटवीसुद्धा नव्हती.

"लिहितील, डोमाभाऊ," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, आणि पुढची लेक घ्यायला हात वर केले.